एक डोळा झाका आणि चौकडा बघा

बेळगावजवळच्या खानापुरात माझं टेलरिंगचं छोटं दुकान आहे. शर्ट-पँट, शाळेचे युनिफॉर्म, लग्नसराईत एखादी सफारी. किडनी बदललेली आहे, घरच्यांनीच दिली, म्हणजे बायकोनं. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्माच्या मागे लागल्यात. मी डॉक्टर नाही. पण डाव्या डोळ्याचा एक कोपरा गमावल्यावर जे शिकलो, ते दुकानात येणाऱ्या चार-पाच जणांना तोंडी सांगून झालं. म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

एका दुपारी पांढऱ्या शर्टाची कॉलर उलटवत होतो. कापडावर काळ्या दोऱ्याचा तुकडा दिसला. चिमटीत धरायला गेलो, दोरा सरकला. परत बोट नेलं, परत सरकला. शर्ट झटकून खिडकीशी नेला, तर तो दोरा खिडकीतल्या आभाळावरही होता. दोन दिवसांत असे सात-आठ दोरे झाले आणि जरा धुकं पडल्यासारखं वाटायला लागलं. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, पाणी नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या टेलरच्या मनात दुसरं काय येणार? चष्म्याच्या दुकानात गेलो, नंबर थोडा वाढलाय म्हणाले, नवीन काचा करायला टाकल्या. किडनीच्या गोळ्या खातो हे मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यात नऊ दिवस गेले.

नऊ दिवसांनी बेळगावात डोळ्यात थेंब घालून मागचा पडदा, म्हणजे रेटिना, बघितला, तेव्हा कळलं की सीएमव्ही नावाच्या विषाणूनं पडद्याचा वरचा भाग खाल्लाय. डॉक्टरांनी फोटो दाखवला. नारिंगी अस्तरावर कुणी दही सांडावं आणि त्यात मधेमधे कुंकू विस्कटावं, तसं दिसत होतं. पडद्यावर वरचा भाग गेला की नजरेतला खालचा जातो, कारण चित्र आत उलटं पडतं. जो भाग पांढरा झाला तो परत बघत नाही. औषध फक्त डाग पुढं सरकायचा थांबवतं. म्हणून नऊ दिवस फार असतात.

दुखत नाही, हीच अडचण

डोळा लाल होणं, सुजणं, ठणकणं हे सगळं विषाणूचंच काम नसतं. बरंचसं आपल्या पेशी त्याच्याशी मारामारी करतात त्याचं असतं. आमच्यासारख्यांच्या पेशींना औषधानं गप्प बसवलेलं असतं. चोर घरात शिरलाय आणि कुत्रं भुंकतच नाही, अशी गत. त्यात डोळ्याच्या मागच्या पडद्याला दुखणं कळतच नाही. म्हणून 'लाल झालं तर जाऊ, दुखलं तर दाखवू' हा हिशोब इतरांनी करावा. आपण करायचा नाही.

'आपण' म्हणजे कोण, तेही सांगतो. किडनी, लिव्हर बदललेले. बोन मॅरो बदललेले. केमो चालू असलेले. एचआयव्हीमुळं सीडी-४, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींचा आकडा, खाली आलेले. हा आकडा ५० च्या खाली गेला की सीएमव्हीचा धोका सगळ्यात जास्त. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, एकत्र गोळ्या १९९६ च्या सुमाराला आल्या, त्याआधी एड्स झालेल्यांत जवळपास तिसऱ्या हिश्श्याला हा डोळ्याचा आजार व्हायचा. आता खूप कमी झालाय, पण उशिरा तपासणी झालेल्यांत अजून सापडतो. संधिवातासाठी किंवा ल्युपससाठी (यात आपल्याच पेशी आपल्या अंगावर उलटतात) स्टिरॉईड आणि सोबत दुसऱ्या जड गोळ्या खाणारेही यातच आले. आणि एक मंडळी अशी, ज्यांना आपण यात मोडतो हेच माहीत नसतं: गुडघेदुखीवर बिनलेबलाच्या पुड्या खाणारे. असल्या पुड्यांत स्टिरॉईड सापडल्याचं अनेकदा उघड झालंय. चार दिवसांत गुडघा पळायला लागला तर पुडीवर संशय घ्या, वैद्याच्या हातगुणावर नको.

रोज सकाळी दोन मिनिटं

आपण दोन डोळ्यांनी बघतो, ही मोठी फसवणूक. एका डोळ्यातलं भोक दुसरा डोळा रफू करून टाकतो, आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून तपासणी एकेका डोळ्याचीच.

डॉक्टरांनी मला बारीक चौकोनांचा एक कागद दिला होता. खानापूरच्या पावसाळ्यात तो महिनाभरात ओला होऊन चिकटला. मग मी पाव इंची चौकड्याचं शर्टिंग वीतभर कापलं, पुठ्ठ्यावर ताणून बसवलं आणि मधोमध लाल दोऱ्यानं एक टाका मारला. ते दुकानात आरशाशेजारी टांगलंय. कापड नसेल तर कॅलेंडरच्या चौकटी चालतील, न्हाणीघराच्या टाइल्सही चालतील. सरळ रेघा हव्यात आणि रोज तीच वस्तू हवी.

जवळचा चष्मा असेल तर तो लावा. उजेड पाठीमागून किंवा बाजूनं येऊ द्या. चौकडा कोपरापासून मनगटापर्यंत जेवढं अंतर, साधारण एक फूट, तेवढा लांब धरा. एक डोळा तळव्यानं झाका. दाबू नका, दाबलात तर नंतर अर्धा मिनिट धुरकट दिसतं आणि उगीच घाबरायला होतं. उघड्या डोळ्यानं लाल टाक्याकडंच बघत राहा आणि नजर न हलवता स्वतःला विचारा: सगळे चौकोन आहेत का? कुठली रेघ वाकली का, पाण्यात बघितल्यासारखी? कुठं कापड विरल्यासारखं, पुसल्यासारखं झालंय का? मग दुसरा डोळा. कालच्यापेक्षा आज काय बदललं एवढंच बघायचं. माझ्या गिऱ्हाइकांच्या मापांसारखं आहे हे: नुसत्या आकड्याला अर्थ नाही, मागच्या मापाशी जुळवलं की पोट सुटलंय ते कळतं.

पण चौकडा फक्त नजरेचा मधला भाग दाखवतो. माझा डाग कडेला होता, चौकड्यानं तो पकडला नसता. म्हणून अजून दोन गोष्टी. एक डोळा झाकूनच भिंतीवरच्या खिळ्याकडं बघा, दुसरा हात बाजूला पसरा आणि बोटं हलवत आत आणा. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. कुठल्या बाजूनं बोटं उशिरा दिसतात का ते बघा. मग पांढऱ्या भिंतीकडं किंवा आभाळाकडं बघा. एखाददुसरा जुना दोरा बऱ्याच जणांना दिसतो, त्याचं काही नाही. नवे दोरे, माशा, काजळीचा पाऊस, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं, हे आलं की त्याच दिवशी निघायचं. आणि बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली सरकत आली तर गाडी कुणाची मिळते एवढंच बघा. आजारानं पातळ झालेला पडदा सुटून येऊ शकतो, तिथं तासांचा हिशोब असतो.

ही घरची तपासणी म्हणजे डॉक्टरची सुट्टी नव्हे. सीडी-४ कमी असेल किंवा रिजेक्शनसाठी, म्हणजे अंग नवी किडनी झिडकारू लागलं म्हणून, जड औषध दिलं असेल, तर काही होत नसतानाही थेंब घालून पडदा बघून घ्यायचा. किती दिवसांनी, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. ट्रान्सप्लांटनंतर सुरुवातीचे काही महिने सीएमव्ही येऊ नये म्हणून गोळी देतात. ती बंद झाल्यानंतरच्या महिन्यांत जास्त सावध राहायचं. माझं नेमकं तिथंच झालं.

फोनवर काय बोलायचं

'डोळ्याला जरा बरं नाही' असं सांगितलंत तर पुढच्या आठवड्याची तारीख मिळेल. रिसेप्शनवरच्या मुलीचा दोष नाही, तिला दिवसाला असे पन्नास फोन येतात. पहिलं वाक्य असं हवं: "माझी किडनी बदललेली आहे, प्रतिकारशक्ती कमी करायच्या गोळ्या चालू आहेत, डाव्या डोळ्याला कालपासून काळे दोरे आणि धुकं दिसतंय, दुखत नाही. आज पडद्याच्या डॉक्टरांनी बघायला हवं." 'दुखत नाही' हे मुद्दाम सांगा. आणि पडद्याचे डॉक्टर आज बसतात का ते विचारा. सगळीकडं रोज नसतात. एसटीनं पाऊण तास हादरत जायचं आणि 'साहेब गुरुवारी येतात' ऐकून परत यायचं, हे मी केलंय.

सरकारी दवाखान्यात सिस्टर कन्नड बोलणारी असली तर तेवढ्यापुरतं तरी पाठ ठेवा: "एडगण्णु मंजागिदे, नोवु इल्ला, किडनी बदलिसिद्दारे." डावा डोळा धुरकट झालाय, दुखत नाही, किडनी बदललीय. उजवा असेल तर बलगण्णु. भाषेचं भांडण चौकात ठेवावं, डोळ्याच्या ओपीडीत नको. मी मोडकंतोडकं बोललो, तर त्या बाईनं माझी फाइल उचलून वर ठेवली.

फाइलीत गोळ्यांची यादी, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि किडनी कशी चालते ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा हवाच. विषाणूच्या बहुतेक गोळ्यांचा डोस किडनीवर ठरतो.

दोन्ही डोळ्यांत थेंब घालतील. अर्ध्या तासात बाहुली मोठी होते आणि पुढचे चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही, उन्हात डोळे उघडवत नाहीत. मोटारसायकल न्यायची नाही. मी पोराला सोबत घेतो, आणि एक जुनी टोपी.

कपाळावरची नागीण

सीएमव्ही गुपचूप येतो. नागीण वाजतगाजत येते, तरी आपण वेळ घालवतो.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, केमो चालू होतं. एका सकाळी कपाळाची उजवी बाजू आग आग करायला लागली. डोकं दुखतंय म्हणून बाम चोळला. तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं, मधोमध रेघ मारल्यासारखं उजव्याच बाजूला. शेजारणी जमल्या. एकीनं गेरू कालवून आणला, दुसरी म्हणाली, मंत्र घालणारा हुडका, विळखा पुरा झाला तर माणूस जातं. कन्नडमध्येही सर्पसुत्तूच म्हणतात, म्हणजे तोच सापाचा विळखा. मी मापाचं ब्लाऊज परत द्यायला गेलो होतो, ब्लाऊज माझी बायको शिवते. माझी नजर मावशींच्या नाकाच्या शेंड्यावर गेली. तिथं दोन फोड होते, मोहरीएवढे.

नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकाच नसेची फांदी जाते. शेंड्यावर फोड आला की डोळ्यात विषाणू उतरण्याचा धोका बराच वाढतो. याला हचिन्सनची खूण म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्लिश डॉक्टरच्या नावानं. मात्र शेंडा साफ असला तरी डोळा सुटला असं समजू नका.

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपलेला असतो, पहारा ढिला पडला की उठतो. एका नसेच्या वाटेनंच जातो, म्हणून एका बाजूलाच थांबतो. विळख्याची भीती तेवढ्यापुरती सोडा. पण आमच्यासारख्यांत तो रक्तातून अंगभर पसरू शकतो, दुसरीकडं कुठं फोड दिसले तर थेट भरती. गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. ७२ तास उलटले म्हणून घरी बसायचं असंही नाही. प्रतिकारशक्ती कमी असेल तर उशिरानंसुद्धा देतात, गरज पडली तर सलाइनमधून. बाकीच्यांना असायक्लोव्हिर ८०० ची गोळी दिवसातून पाच वेळा असते. शेजाऱ्याची उरलेली पट्टी बघून तुम्ही तशी घेऊ नका, किडनी अधू असेल तर त्या डोसनं डोकं भ्रमिष्ट होऊ शकतं.

मावशींना त्याच संध्याकाळी नेलं. गेरू पुसायला नर्सला अर्धा तास लागला, आणि पुसताना फोड फुटले. डोळा वाचला. कपाळाची आग मात्र वर्षभर पुरली, अजून पदर लागला तरी कळवळतात.

फोडांवर खपली धरेपर्यंत कांजिण्या न झालेली लहान मुलं, गरोदर बाई आणि आपल्यासारखाच दुसरा पेशंट यांना लांब ठेवा.

मेडिकलमधले थेंब

डोळा लाल आहे, उजेड सोसत नाही, आत वाळूचा खडा गेल्यासारखं वाटतंय. मेडिकलवाला एक बाटली काढून देतो. पहिल्या दिवशी लाली उतरते, माणूस खूश. त्या बाटलीत बऱ्याचदा स्टिरॉईड असतं. आणि डोळ्याच्या काळ्या भागावर हर्पिस नावाच्या विषाणूची जखम असेल तर नुसतं स्टिरॉईड म्हणजे पेटल्या गंजीला वारा. ती जखम डॉक्टरांना पिवळा रंग घालून निळ्या उजेडात दिसते, झाडाच्या फांदीसारखी, हिरवी चमकणारी. तुम्हाला आरशात नुसती लाली दिसणार. डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यांतलं नाव बाटलीवर असेल तर विचारल्याशिवाय घालायचं नाही. डॉक्टर स्वतः कधी स्टिरॉईड देतात, पण विषाणूच्या औषधाच्या आडोशानं आणि मोजून.

मध, गुलाबपाणी, बाळंतिणीचं दूध, धण्याचं पाणी: एकही नको. कुणी प्रेमानं आणून दिलं तर घ्या आणि कपाटात ठेवा.

पावसाळ्यात येतात ते साधे डोळे बहुतेकांचे आठ-पंधरा दिवसांत जातात. आपल्याकडं मुक्काम लांबू शकतो. टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल वेगळा, हात साबणानं. घरात पोराचे डोळे आले तर त्याला ओरडण्यापेक्षा आपणच चार दिवस दुसऱ्या खोलीत झोपावं. डोळे आलेल्याच्या नाकाला टेप लावून मी मापं घेत नाही, सरळ आठवड्यानं या म्हणतो.

उपचार चालू झाल्यावर

माझ्या डोळ्यात सीएमव्हीवरच्या गॅनसायक्लोव्हिर या औषधाची इंजेक्शनं दिली, सुरुवातीला आठवड्यातून दोन. 'डोळ्यात सुई' ऐकूनच बायको भिंतीला टेकली. मी मशीनवर सोळा नंबरची सुई वापरतो, ती एक मिलिमीटर जाड. डॉक्टरांची तिच्या तिसऱ्या हिश्श्याची. आधी बधिर करतात, बेटाडीन घालतात, पापणी चापानं उघडी धरतात. दाब कळतो, कळ नाही. थोडा वेळ काळे बुडबुडे तरंगतात, पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल ठिपका राहतो, तो जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढत गेलं आणि नजर कमी झाली, तर मात्र रात्र असो की दिवस, परत जायचं.

सोबत त्याच जातीच्या व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या. किडनी चांगली असलेल्याला साधारण तीन आठवडे ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग एकदा. माझा डोस कमी होता. गोळी जेवणाबरोबर, अख्खी. तोडायची नाही, कुटायची नाही, कारण तिची पूड धोक्याची, पोटुशी बाईनं तर फुटलेली गोळी हातातही घेऊ नये. महाग आहे, म्हणून अर्धी करून पुरवायचा मोह होतो. हिनं पांढऱ्या पेशी खाली येतात, आणि किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी मायकोफेनोलेटची गोळीही तेच करते. त्यामुळं रक्ताची तपासणी चुकवायची नाही. माझ्या पेशी दोन हजाराच्या खाली आल्या तेव्हा डॉक्टरांनी मायकोफेनोलेट कमी केलं. डॉक्टरांनी केलं, मी नाही. 'विषाणू आलाय तर किडनीच्या गोळ्या बंद करून टाकतो' असं मनात येतं. तसं केलं तर बायकोची किडनी जाईल. एआरटीवाल्यांचंही तसंच. गोळ्या सुरू झाल्यावर ताकद परत येताना डोळ्यात सूज येऊन धूसर दिसू शकतं. गोळ्या चालू ठेवून डोळा दाखवायचा.

नागिणीची लस २०२३ पासून आपल्याकडंही मिळते, दोन डोसची. तिच्यात जिवंत विषाणू नसल्यानं प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही चालते. जिवंत विषाणूच्या लशी मात्र आपल्याला चालत नाहीत. डॉक्टरांना कधी घ्यायची ते विचारा, आणि किंमत विचारताना खुर्चीत बसून विचारा.

खर्चाचं थोडं. इकडं कर्नाटकाची योजना रेशन कार्डावर, तिकडं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना खुली केली. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर निघायच्या आधी तिथल्या योजनेच्या खिडकीला फोन करून कुठले कागद लागतात आणि हा उपचार बसतो का ते विचारा. आपल्या भागात माणूस दोन राज्यांचा असतो, आणि झेरॉक्स नेहमी तिसरीच मागतात. खानापूरहून मिरजेला थेट रेल्वे जाते. थेंब घातलेल्या डोळ्यांनी परत येताना खिडकीची जागा पोराला द्यायची.

ऑर्डरच्या वहीत आता माझीही तारीख लिहिलेली असते, गिऱ्हाइकांच्या ट्रायलच्या रांगेत: 'स्वतः, डावा, पडदा, मंगळवार.' गेल्या मंगळवारी डाग होता तिथंच होता. काज मी उजव्या डोळ्यानं करतो, बटणं डाव्यालाही जमतात.